इस्त्रीच्या घडीखालची वही

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून लिहून ठेवतो. तोंडी गोष्टींना पुरावा नसतो.

सकाळी दाढीची ब्लेडं आणायला गेलो होतो. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने दुकानातूनच हाक मारली. "सर, बाईंचे पासपोर्टचे फोटो तयार आहेत. तुमच्याकडेच देऊ का?" मी म्हणालो, "राहू दे, तीच नेईल." आवाज अगदी साधा ठेवला. चौतीस वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला माणूस आहे, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. ब्लेडं मात्र न घेताच घरी आलो.

तर हिने पासपोर्टचे फोटो काढलेत, आणि मला त्याचा पत्ता नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात ही एकटी कधी शहराबाहेर गेलेली नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं तरी दारात उभी राहून "अहो, येताय ना?" म्हणणारी बाई. तिला पासपोर्ट कशाला लागतो?

दुसरं म्हणजे गेला महिनाभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी बरोबर चारला ही बाहेर पडते. कारण विचारलं तर "पाय मोकळे करून येते." साडेपाचला परत. दीड तास मोकळे करावे लागतील असे किती पाय आहेत हिला?

शंका आली की ती सरळ वाक्यात मांडावी असं मी मुलांना सांगायचो. मांडतो. ही मला सोडून जायच्या बेतात आहे. पुन्हा वाचून पाहिलं, वाक्य बरोबर आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेपाचला आली. मी दारातच उभा होतो, सहज उभा असल्यासारखा.

"कुठवर गेली होतीस?"

"इथंच. वळणापर्यंत."

"वळणापर्यंत दीड तास?"

"अहो, बायका भेटतात. तुम्हाला कोण भेटतं?"

हा टोमणा होता, पण मी तो गिळला, कारण माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे होतं. मधल्या बोटाला निळी शाई लागलेली होती. ही बाई वाण्याची यादीसुद्धा मला सांगून लिहवून घेते. "तुमचं अक्षर छान आहे" म्हणते आणि पीठ मळत मळत जिन्नस सांगते. तिच्या बोटाला शाई लागायचं कारण काय? सह्या केल्या असणार. कागदपत्रांवर.

पाणी कुठेतरी मुरतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळवाल्याबद्दल लिहायला हवं. वाचनालयासमोर त्याचं टपरीएवढं दुकान आहे. बायको जाऊन पाच वर्षं झाली, आवाज गोड, केस अजून काळे, निदान दिसतात काळे. गेल्या आठवड्यात ही त्याच्याशी रस्त्यात उभी राहून बोलत होती आणि मला बघून दोघंही एकदम गप्प झाली होती.

आज माझं चालू असलेलं मनगटी घड्याळ घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हणालो, मागे पडतं. त्याने डोळ्याला भिंग लावून पाहिलं. "सर, हे तर अगदी बरोबर चालतंय."

"नीट बघा. दिसतं तसं नसतं," मी म्हणालो. त्याला कळावं अशा बेताने.

त्याला काही कळलं नाही. घड्याळ परत देत म्हणाला, "तुमच्या मिसेस फार हुशार आहेत हो. एकदा सांगितलं की पक्कं डोक्यात."

काय सांगितलं? कधी सांगितलं? आणि यांना सांगायची गरज काय पडली? मी एवढंच म्हणालो, "आहेच हुशार." घरी येताना विचार केला की छत्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं, आणि तेही घड्याळवाल्यापुढे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाठलाग केला. शब्द वाईट आहे, पण दुसरा सापडत नाही.

ती चारला निघाली, मी चार वाजून तीन मिनिटांनी. मफलर तोंडावर घेतला होता, तरी वाटेत दोन माजी विद्यार्थ्यांनी "नमस्कार सर" केलाच. ही वळणापर्यंत गेली, घड्याळवाल्याच्या दुकानापाशी थांबली. त्याने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि दोघं मिळून रस्ता ओलांडून वाचनालयात गेली.  वाचनालयाच्या बाजूच्या गल्लीत बालविभागाची खिडकी आहे. तिथे उभा राहिलो.

आत लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर सात मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आमची ही, घड्याळवाला, दवाखान्यातली आया, दोन ड्रायव्हर, आणखी कोणी. समोर फळा. फळ्यावर: मॅन–मेन, फूट–फीट, टूथ–टीथ, चाइल्ड–चिल्ड्रन. शिकवत होती ग्रंथपालबाई. ती माझीच विद्यार्थिनी, दहावी ब, तिसरा बाक, अखंड बडबड. तिच्या हातात एक रबरी चेंडू होता. तो घड्याळवाल्याकडे टाकून ती म्हणाली, "गिव्ह इट टू हर." त्याने चेंडू आमच्या हिच्याकडे टाकला. मग "गिव्ह इट टू देम," तर हिने तो दोघा ड्रायव्हरांच्या मधोमध फेकला, तो एकाच्या कपाळावर आपटला आणि सगळे हसले. ही तर तोंडाला पदर न लावता हसत होती.

कर्माच्या जागी येणारी सर्वनामं मी चौतीस वर्षं शिकवली. तक्ता पाठ, मग पन्नास वाक्यं. चेंडू कधी लागला नाही.

घरी येऊन बसलो. घड्याळवाला सुटला, पण मी काही सुटलो नाही. उलट गुंता वाढला. अख्ख्या शहराने ज्याच्याकडे इंग्रजी शिकलं, त्याची बायको घरापासून तीनशे पावलांवर दुसऱ्याकडे इंग्रजी शिकते, चोरून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिला शिकवायला बसलो होतो. तीन दिवस नीट चाललं होतं. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले होते, त्यांना तिची दोन-तीन वाक्यं वाचून दाखवली, सगळे पोट धरून हसले. चौथ्या दिवसापासून तिलाच वेळ होईना. आता एवढा वेळ कुठून आला?

इंग्रजी आणि पासपोर्ट. दोन अधिक दोन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं नाही. तिने विचारलं, "चहा घेणार?" मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर." ती म्हणाली, "मग अर्धा कप." यातही काहीतरी होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हातून जे घडलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

ती वर्गाला गेल्यावर घर तपासलं. कपाट, गादीखाली, शिवणाच्या मशीनचा खण. मग डोक्यात आलं की या घरात मी कधीच हात लावत नाही अशी एकच जागा आहे: इस्त्रीच्या टेबलावरची जुन्या ब्लँकेटची घडी. उचलली तर खाली वही, शंभर पानी, निळं कव्हर. निम्मी भरलेली. म्हणजे वर्गाला ती ही वही घरी ठेवून जाते, तिथली वही वेगळी. ही घरची.

खुर्ची ओढून बसलो. पुरावा शोधायला बसलो होतो हे मला पक्कं आठवतंय. पहिल्याच पानावर "टू बेबी" दिसलं. दोन म्हटल्यावर अनेकवचन नको? खाली सुधारायचा प्रयत्न केला होता, तर नुसता एस ठोकून दिलेला. वाय जाऊन आय-ई-एस येतो हे पाचवीतलं पोर सांगेल. पुढे "स्मॉल फूट्स". त्याच्या पुढे "टू टूथ्स". आता फळ्यावर फीट आणि टीथ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुस्तकातली वाक्यं सगळीकडे तीच असतात, बाळं, पाय, दात. तरी चुकतातच.

चूक दिसली की माझा डोळा तिथे थांबतो, बरोबर असेल तिथून पुढे सरकतो. त्यामुळेच तर साठ वह्या मी एका तासात हातावेगळ्या करायचो. ही वही वीस मिनिटांत झाली. शेवटच्या पानाखाली तारीख घातली, सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

टोपण लावताना कळलं की ते लाल पेन आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अकरा पानं लाल झाली होती. खोडणार कशी? फाडणार कशी? वही होती तशी घडीखाली ठेवली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. साडेपाचला ती आली, "काय ऊन खाताय?" म्हणाली. ऊन केव्हाच गेलं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी तिने इस्त्री केली. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. घडी उचलली. वही उघडली. एक पान, दुसरं पान. चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. मग वही ठेवली आणि माझा पांढरा शर्ट घेतला.

 शर्टाची कॉलर आज जास्तच कडक आहे. हे चांगलं लक्षण की वाईट, ठरवता येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ती बाहेर पडल्यावर पाहिलं. वही तिथेच आहे. दुसरीकडे लपवली नाही, हे मला सर्वात संशयास्पद वाटतं. चोराला कळलं की पाळत आहे, तर तो जागा बदलतो.

त्याहून नवल म्हणजे मी सुधारलेला प्रत्येक शब्द तिने पाच-पाच वेळा लिहून काढलाय. हा माझा नियम. शाळेतला. तिला कुणी सांगितला? मग आठवलं, मी जेवताना रोज शाळेतलंच बोलायचो. तिचं लक्ष नसतं असं मी धरून चाललो होतो.

पुढे चार नवी पानं लिहिली होती. सापळा असेल का? असेल. तरी तपासली. "आय वॉन्ट टू सी दे" असं एक वाक्य. मी "दे" कापून "देम" केलं आणि बाजूला समजावून लिहिलं: कुणाला बघायचंय याने फरक पडत नाही, कर्माच्या जागी देम. बाकी पान बरोबर होतं. एका पानाखाली तर "छान, सर्वनामं अचूक" असा शेराही दिला. शेरे मी सहसा देत नाही. माझं नाव मुलांनी "लाल शाई" ठेवलं होतं ते उगीच नाही.

खरं सांगायचं तर वही परत ठेवताना थोडं बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझ्यासाठी कुणी काही लिहिलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बरं वाटलं होतं ते आज गेलं.

आजच्या पानावर: "डोन्ट टेल ही." मी सवयीने "ही" कापून "हिम" केलं. पेन उचललं आणि मग थंड पडलो. त्याला सांगू नका. कोण त्याला? काय सांगू नका? कोणी कोणाला सांगू नका? या घरात "तो" म्हणण्यासारखा माणूस एकच आहे आणि तो हातात लाल पेन घेऊन बसला होता.

आता लेकीबद्दल लिहावं लागेल, टाळत होतो.

आमची एकुलती एक लेक परदेशात असते. चार वर्षांपूर्वी तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं आणि मला पत्र पाठवलं, हाताने लिहिलेलं, इंग्रजीत. त्यालाही वाचता यावं म्हणून असेल. माझी मुलगी, आणि दोन पानांत अकरा चुका. मी त्या दुरुस्त केल्या आणि पत्र परत पाठवलं. उत्तर वेगळं लिहिणार होतो, राहून गेलं. त्यानंतर तिचं मला पत्र नाही, फोन नाही. हिच्याशी बोलते, मला ठाऊक आहे. एकदा ही मला काही सांगायला आली तेव्हा मी रागाने म्हणालो, "त्या घरातलं काहीएक माझ्या कानावर घालायचं नाही." तेव्हापासून ही अवाक्षर काढत नाही. एवढी आज्ञाधारक बाई दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाहिली नाही.

म्हणजे कट तिथे शिजतोय. लेक आईला नेतेय आणि बापाला पत्ता लागू द्यायचा नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ही स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. मी पाणी प्यायला गेलो नाही, बाहेरच थांबलो.

"एकटीने दोघांचं किती करशील गं? मी येतेच आहे." मग थोडं ऐकून घेतलं. "नाही, त्यांना नाही सांगितलं. कसं सांगू? ... रडू नकोस, तू रडलीस की तेही सुरू होतात."

सगळं स्वच्छ झालं. दोघं म्हणजे जावई आणि त्याची आई. माझ्या लेकीला रात्रंदिवस राबवताहेत, ती रडली की वर तेही ओरडतात, आणि आता राबायला आईलाही बोलावलंय. फुकटची मोलकरीण. आणि मी हे थांबवू नये म्हणून "डोन्ट टेल हिम."

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लेक रडत होती, आणि चार वर्षं मला वाटत होतं की ती मजेत असेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ही वर्गाला गेल्यावर वाचनालयात जाऊन ग्रंथपालबाईला गाठायचं ठरवलं होतं. गेलो. वर्ग सुटेपर्यंत मासिकं चाळली. ही घड्याळवाल्याबरोबर बाहेर पडली, मी कपाटाआड होतो. मग आत गेलो.

ग्रंथपालबाई मला पाहून उभी राहिली, जुन्या सवयीने.

"तुला माझ्या घरातलं काय काय माहीत आहे?" मी विचारलं.

"सर, त्या वर्गात काय बोलतात ते मी बाहेर सांगत नाही."

"मी बाहेरचा?"

ती थोडी घुटमळली. "सर, एक विचारू? वही तुम्ही तपासता ना? सकाळी भाजीला आल्या की त्या मला दाखवतात, लाल खुणांसकट. किती कौतुकाने दाखवतात." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, आता तरी तुमचं बोलणं झालं असेल."

"कशाबद्दल?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच तिसऱ्या बाकावर उभा आहे असं वाटलं. "वहीबद्दल," म्हणाली आणि खिडक्या लावायला गेली.

ग्रंथपालबाईसुद्धा हिला सामील आहे. सगळेच सामील आहेत.

१ मार्च, शनिवार

आज तिने स्वतःहून सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

"मी बारा तारखेला लेकीकडे चाललेय. सहा महिने. डबे कुठे काय आहेत त्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवते."

इतके दिवस तयार केलेली सगळी भाषणं मी विसरलो. "मला सोडून?" एवढंच निघालं.

"तुम्हाला सोडून नाही. तिच्याकडे."

"मला माहीत आहे तिकडे काय चाललंय. ते दोघं तिला राबवतात. आता तुलाही राबवतील."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "कोण दोघं?"

"जावई आणि त्याची आई. मी ऐकलंय फोनवर."

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी मला वाटलं हसणार, मग वाटलं रडणार. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच म्हणाला होतात, त्या घरातलं काही कानावर घालायचं नाही. मी नाही घातलं. कानावर नाही घातलं म्हणून वहीत लिहिलं. तुमच्या हाताला लागेल अशा बेताने ठेवली नव्हती आधी, पण लागली. लागली तर लागली म्हटलं, बरंच झालं. पंधरा दिवस नवीन नवीन लिहून ठेवतेय आणि तुम्ही तपासताय. मला वाटलं, यांना सगळं कळलंय आणि तरी यांना काही बोलायचं नाहीये."

"मी वाचली ना वही."

"काय वाचलंत?"

मी म्हणालो, "फूट्स. टूथ्स. दे च्या जागी देम."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालूच राहिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वही घेऊन बसलो. पेन घेतलं नाही. फक्त बरोबर वाक्यं वाचायची असं ठरवलं, ज्यांच्यासमोर माझी बरोबरची खूण आहे ती. इथे मराठीत उतरवतो, कारण इंग्रजीत लिहिली की माझं लक्ष पुन्हा भलतीकडे जाईल.

माझ्या मुलीला जुळी मुलं झाली आहेत. ती आठव्या महिन्यातच जन्मली. तीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. माझ्या मुलीने त्यांना पेटीच्या भोकातून हात घालून शिवलं. मी तिच्याजवळ नव्हते. आता ती सात महिन्यांची आहेत. त्यांचा बाबा चांगला आहे, तो रात्री त्यांच्यासाठी उठतो. मला त्याच्याशी बोलता यावं म्हणून मी शिकते आहे.

आणि पुढच्या पानावर, एकाखाली एक: माझ्या नवऱ्याला त्यांच्याबद्दल माहीत नाही. माझी मुलगी विचारते, बाबा त्यांना जवळ घेतील का? मी तिला सांगितलं, मी त्यांना छत्तीस वर्षं ओळखते, पण मला हे सांगता येत नाही.

या वाक्यासमोर बरोबरची खूण आहे. माझी. खाली लाल शाईत लिहिलंय: छान, सर्वनामं अचूक.

मी आजोबा होऊन सात महिने झाले आणि त्यातले पंधरा दिवस तर ते माझ्या हातात लिहिलेलं होतं. लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटल्याचं आठवत नाही. मी स्वतः लिहितोय त्या या वहीची मागची पानं आत्ताच उलटून पाहिली. त्यात घड्याळवाला आहे, बोटाची शाई आहे, कॉलर आहे. हीसुद्धा बरोबर वाक्यंच आहेत.

स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी होती. मी विचारलं, "नावं काय ठेवली?"

तिने सांगितली. मी म्हणून पाहिली. एक नाव जरा चुकीचं म्हटलं तर तिने दुरुस्त केलं, पुन्हा म्हणायला लावलं. इथे लिहीत नाही, आधी तोंडाने नीट येऊ देत.

"तिकीट एकच आहे का?" मी विचारलं.

"तिने विचारलं होतं, दोन काढू का. मी म्हटलं, थांब."

"का?"

"तुम्ही तिथे जाऊन काय कराल, याची मलाच खात्री नव्हती." मग पोळपाट पुसत म्हणाली, "आता मी नाही विचारणार तिला. विचारायचं तर तुम्ही विचारा."

६ मार्च, गुरुवार

चार दिवस फोन हातात घेतो आणि ठेवतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. वाचून पाहिलं, निबंध झाला होता. फाडला.

तिला संशय येईल की आईने बोलायला लावलं. यायलाच हवा. माझीच मुलगी आहे.

९ मार्च, रविवार

दुपारी केला. ही बाजूला बसली होती, तिला आत जा म्हटलं तर गेली नाही.

"हॅलो" झाल्यावर मी म्हणालो, "मी बोलतोय."  ती म्हणाली, "आईला काही झालं का?"

"नाही. आई ठीक आहे. इथेच बसलीये." चार वर्षांनी बाप फोन करतो तर पोरीला पहिली भीती ही वाटते. "मला त्यांना बघायचंय," मी म्हणालो. दोन्ही नावं घेऊन म्हणालो. ही मान हलवत होती, म्हणजे उच्चार बरोबर आले असावेत.

ती म्हणाली, "बाबा, आत्ता नको. आईला येऊ दे आधी. तुमचं... मला अजून जमत नाहीये."

"बरं," मी म्हणालो. तिचं चूक आहे असं काही शोधू गेलो नाही. सापडलंही नसतं.

मग तिनेच विचारलं, जरा रोखून, पूर्वी उत्तरपत्रिका मागताना विचारायची तशी, "आई सांगत होती, तुम्ही तिची वही तपासली म्हणे. सगळं वाचूनही पंधरा दिवस गप्प राहिलात?"

इथे खोटं बोलता आलं असतं. विचार करत होतो, योग्य वेळेची वाट बघत होतो, असं काहीही. ही माझ्याकडे बघत होती.

"मी वाचलीच नव्हती," मी म्हणालो. "नुसत्या चुका काढल्या. तुझं पत्रसुद्धा मी तसंच... मी ते अजूनपर्यंत वाचलेलं नाही."

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे कुठेतरी एक मूल रडायला लागलं आणि त्याचं ऐकून दुसरं. ती उठून त्यांच्याकडे गेली असावी, कारण आवाज जवळ येत गेला. फोन तिच्या हातातच होता. मी ऐकत बसलो.